दोन मीटर, एक घर: चेक मीटरचा आठ महिन्यांचा अनुभव

ज्या कामासाठी हा चेक मीटर, म्हणजे घरातले युनिट आपले आपण मोजायचा छोटा डबा, घेतला होता, ते काम त्याने केलंच नाही. वीज कंपनीचा मीटर पळतोय हे मला सिद्ध करायचं होतं, आणि मीटर पळत नव्हता. तरीही पाचपैकी चार स्टार देतेय. का ते जरा लांबण लावून सांगावं लागेल.

आम्ही मुंबईच्या उपनगरात राहतो. इमारत जुनी, आमचं घर पहिल्या मजल्यावर. माणसं चार, एसी नाही, गीझर गॅसचा. फेब्रुवारीचं बिल १७८ युनिट, मार्चचं २०४. इथपर्यंत ठीक होतं. एप्रिलला २९१ आले आणि मेला ३१८. सासूबाईंनी फ्रीजवर संशय घेतला, नवऱ्याने मुलाच्या कॉम्प्युटरवर, आणि मुलाने सासूबाईंच्या दिवसभर चालणाऱ्या टीव्हीवर. ३०० चा आकडा ओलांडला की वरच्या युनिटांना पुढच्या स्लॅबचा दर लागतो, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे युनिट दीडपट वाढले तर रक्कम दीडपटीवर थांबत नाही.

मी आधी बिलच नीट वाचलं. मागचं रीडिंग, चालू रीडिंग, मीटरचा फोटो, गुणक (रीडिंगच्या फरकाला ज्याने गुणतात तो आकडा) १, सगळं जुळत होतं. मेचं बिल मात्र ३३ दिवसांचं निघालं, तेव्हा त्यातली थोडी वाढ दिवसांचीच होती. हे तपासायची सवय २०२० च्या टाळेबंदीत लागली. तेव्हा रीडिंग घेणं बंद होतं, सरासरीने बिलं येत होती, आणि जूनमध्ये खरं रीडिंग आल्यावर घरोघरी डोळे पांढरे झाले होते. पण दिवस वजा करूनही या वेळचा हिशोब बसेना. तक्रार नोंदवली, बिल ‘हरकत राखून’ असं पत्र देऊन भरलं. (न भरता भांडायचं असेल तर २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५६ वाचून ठेवा. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत राखून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. खिडकीवर हे आपणहून कोणी सांगत नाही.)

जूनमध्ये हा चेक मीटर मागवला, १,३४० रुपयांना. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण याच ठेवणीचे दहा डबे दहा नावांनी मिळतात. छोटा डिस्प्ले, डीबीमध्ये (घरातल्या मेन स्विचच्या पेटीत) एमसीबीच्या (जादा लोड आला की पडणाऱ्या स्विचांच्या) रांगेत बसणारा, आणि सोबत चिमट्यासारखी उघडणारी सीटी, म्हणजे वायरमधला प्रवाह मोजणारं कडं. ती फेजच्या (वीज घरात आणणाऱ्या) वायरभोवती लावायची, वायर कापायची गरज नाही. डिस्प्लेवर व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर आणि एकूण युनिट दिसतात. बसवायचं काम मात्र वायरमनकडूनच करून घ्या. डीबीचं झाकण उघडलं की मेन स्विच बंद असला तरी वरच्या टोकाला वीज असते. आमच्या वायरमन दादांनी ३५० रुपये घेतले आणि वर “ताई, कशाला पैसे घालवता” असंही ऐकवलं.

पहिले नऊ दिवस वाया गेले. डबा कंपनीच्या मीटरच्या निम्मेच युनिट दाखवायचा. मी आनंदाने फोटो काढून ठेवले, नवऱ्याला म्हटलं, सापडला चोर. मग एकदा इस्त्री लावून बघितली. ७५० वॅटची इस्त्री ४०० च्या आत दिसत होती. सीटीचा चिमटा पूर्ण मिटलाच नव्हता, मध्ये वायरचं आवरण अडकलं होतं. चिमटा ‘टक’ करून मिटला नाही तर आकडा कमी येतो, ही गोष्ट माहितीपत्रकात कुठेही नाही. एक स्टार इथेच कापला. तेव्हा घेतल्या घेतल्या ज्याचे वॅट ठाऊक आहेत अशी इस्त्री नाहीतर किटली लावून आकडा जुळवून पाहा, मगच कंपनीशी भांडायला जा. मी जाणारच होते, थोडक्यात वाचले.

त्यानंतर रोज रात्री साडेनऊला दोन्ही रीडिंगं वहीत. नवरा खाली मीटर रूममध्ये, मी वर डीबीसमोर, फोन चालू. दोन्ही एकाच वेळी घ्यायची, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. २० जून ते २० जुलै: डबा १८७, कंपनीचा मीटर २८४. फरक ९७ युनिट.

ही वही घेऊन कार्यालयात गेले. साहेब सौजन्याने बोलले, पण खासगी मीटरचं रीडिंग पुरावा म्हणून धरता येत नाही म्हणाले. ते खरंही आहे, त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. मीटर तपासणीचा अर्ज आणि शुल्क भरा, एवढा एकच रस्ता. भरलं. तंत्रज्ञ आले, मीटरला त्यांचं यंत्र जोडलं, लोड लावून बघितला. मीटर मर्यादेत अचूक. मग माझ्यासमोर घरातला मेन स्विच बंद केला, मीटरचा लुकलुकणारा दिवा थांबला. “बघा ताई, लोड तुमच्या घरातच आहे.” मी डबा दाखवला. ते हसले. अपमान म्हणून नाही, रोज कोणी ना कोणी असं काही दाखवत असणार.

आठ दिवस मी डब्यालाच शिव्या घातल्या. मग ऑगस्टमध्ये एका रात्री सुचलं की तंत्रज्ञांनी मेन स्विच बंद केला होता, तो फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) दोन्ही तोडतो. नुसत्या एमसीबी पाडल्या तर फक्त फेज तुटते. काय फरक पडेल ते ठाऊक नव्हतं, पण करून बघायला काय जातं? रात्री अकराला नवऱ्याला टॉर्च देऊन खाली पाठवलं. डब्याची एमसीबी तेवढी चालू ठेवून बाकी सगळ्या पाडल्या.

“दिवा लुकलुकतोय?”

“लुकलुकतोय. फ्रीज बंद केलास ना?”

“सगळं बंद आहे. डबा शून्य दाखवतोय.”

“इथे सव्वा सेकंदाला एक.”

आमच्या मीटरवर ३२०० इम्प/किलोवॅट-तास लिहिलंय, म्हणजे दिव्याच्या ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट. दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोजायचं आणि ११२५ ला त्याने भागायचं, की वॅट मिळतात. सव्वा सेकंदाला एक म्हणजे ९००. घरात मिट्ट काळोख आणि मीटरवर ९०० वॅट! शेजारी आणखी एक लाल ठिपका पेटलेला होता, त्याखाली बारीक अक्षरांत ‘ई/एल’. तो मीटर चालू असल्याची खूण असेल असं आम्ही इतके महिने समजत होतो. तो ‘अर्थ लीकेज’चा, म्हणजे कुठेतरी वीज गळत असल्याची खूण देणारा दिवा निघाला.

मग मी मेन स्विचही पाडला. खालून आवाज आला, “थांबलं.” आणि मिनिटभरात दारावर टकटक. शेजारच्या काकू. “अगं, तुमच्याकडेपण लाइट कमी-जास्त होतेय का? आमचा एसी गचके खाऊन बंदच पडला.”

आमचा मेन स्विच पाडला तर त्यांचा एसी का बंद पडावा?

दुसऱ्या दिवशी वायरमन दादा टॉंग टेस्टर (वायरीला जबड्यात धरून प्रवाह मोजायचं यंत्र) घेऊन आले. काकूंना एसी लावायला सांगितला. आमची फेज ०.९ अँपिअर, न्यूट्रल ४.६. टेस्टरच्या जबड्यात दोन्ही वायरी एकत्र धरल्या तर शून्य यायला हवं, कारण जेवढी वीज जाते तेवढीच परत येते. आले ३.७. म्हणजे कोणाची तरी वीज आमच्या न्यूट्रलवरून घरी परतत होती. काकूंकडे मार्चमध्ये नूतनीकरण झालं होतं, एसीही तेव्हाच आला. दोन दारांमधल्या पॅसेजचा दिवा आमच्या घरातून चालतो. त्यांच्या कारागिराने दाराची बेल आणि शोभेचा दिवा त्याच दिव्याच्या जोडपेटीतून घेताना त्यांचा न्यूट्रल आमच्या न्यूट्रलला पिळून टाकला होता. एवढ्याने थोडीच वीज इकडे वळली असती, पण खाली मीटर रूममध्ये कटआउटपाशी (कंपनीच्या फ्यूजच्या जोडापाशी) त्यांचा न्यूट्रल सैल होता, काळा पडलेला. आपला रस्ता खराब, म्हणून त्यांच्या एसीची बरीचशी वीज आमच्या पॅसेजच्या दिव्याच्या केसाएवढ्या वायरीतून परत जात होती. दादा पहिल्यांदाच गंभीर झाले. “ताई, बिल राहू द्या. ही वायर कधीतरी पेटली असती.”

आता दोन मीटरांचं कोडं. हल्लीचे घरगुती मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह बघतात आणि जो जास्त तो मोजतात. चोरी पकडण्यासाठीची ही सोय आहे. कोणी न्यूट्रल सोडून अर्थिंगवर काम चालवलं तरी मीटर फसू नये म्हणून. आमच्या मीटरला न्यूट्रल जास्त दिसला, त्याने न्यूट्रल मोजला. माझ्या डब्याची सीटी फक्त फेजवर, त्याने फेज मोजली. दोघंही खरं बोलत होते. आणि गंमत म्हणजे काकूंच्या मीटरनेही त्यांची फेज पूर्ण मोजली होती, त्यांनी एसीचे पूर्ण पैसे भरले होते. तेच युनिट दोनदा विकले गेले.

यात मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली असेल तर ती आमची स्वतःची. एप्रिलमध्ये डीबीतला आरसीसीबी (वीज गळाली की सप्लाय तोडणारा स्विच) सारखा पडायचा. तेव्हा याच दादांनी “खराब झालाय” म्हणून तो बायपास केला आणि आम्ही, चला एक कटकट गेली, म्हणून चहा पाजला. तो खराब नव्हता. फेज आणि न्यूट्रलमध्ये तीस मिलिअँपिअरचा फरक पडला तरी तो पडतो, त्याचं कामच ते. आमच्याकडे अँपिअरच्या हिशोबात फरक होता. दादांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, “हां, ते झालं खरं.” नवा आरसीसीबी बसवायची मजुरी घेतली नाही.

न्यूट्रल वेगळे केले. कटआउट सीलबंद, म्हणून तिथली तक्रार नोंदवली. त्याच संध्याकाळी माणसं आली, जोड घट्ट करून गेली. हे मान्य केलं पाहिजे की धोक्याची तक्रार म्हटल्यावर ती जलद आली. सप्टेंबरचे आकडे: डबा १८१, मीटर १८४. पुढेही दोन-चार युनिटांच्या वर फरक गेलेला नाही. तेवढा राहणारच. मोबाइलचे चार्जर, स्टँडबायवरचा टीव्ही यांचा अगदी बारीक प्रवाह या स्वस्त सीटीला दिसत नाही.

पैशांचं म्हणाल तर अजून एकही रुपया परत नाही. मीटर चुकीचा ठरला असता तर वाद उभा राहिल्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचं बिल तपासणीच्या निकालानुसार दुरुस्त करण्याची तरतूद राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांत आहे. माझा मीटर अचूक, म्हणून ती लागू नाही, आणि घरातल्या वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची, असं लेखी उत्तर आलं. पहिलं वाक्य मला पटतं. दुसरं अर्धंच, कारण सैल जोड घरात नव्हता. म्हणून ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे अर्ज लिहून ठेवलाय. तिथे समाधान झालं नाही तर वर विद्युत लोकपाल आहेत. नवरा म्हणतो, इतक्यासाठी फेऱ्या कशाला. काकू म्हणतात, टाकच, मी साक्षीला येते.

आता पुन्हा डब्याकडे. चांगलं: वीज गेली तरी एकूण युनिट पुसले जात नाहीत, डिस्प्ले रात्री वाचता येतो, आठ महिन्यांत एकदाही अडकला नाही. वाईट: रोजचे आकडे साठवत नाही, तेव्हा वही लागतेच. आकडा शून्यावर आणायचं बटण इतकं उघडं आहे की ऑक्टोबरमध्ये धूळ पुसताना सासूबाईंनी अर्ध्या महिन्याचा हिशोब पुसला. आणि सीटी एकच आहे. हाच मोठा दोष. न्यूट्रलसाठी दुसरी असती तर पहिल्याच रात्री उत्तर मिळालं असतं. आज घ्यायचा असता तर दोन सीटींचा घेतला असता, किंवा आधी दादांना बोलावून टॉंग टेस्टरमध्ये दोन्ही वायरी धरायला लावल्या असत्या. पाच मिनिटांचं काम आहे.

सध्या डबा काकूंकडे आहे. एसीचं बिल खरंच एवढं येतं का ते त्यांना बघायचंय. चिमटा नीट मिटलाय की नाही हे मी दोनदा जाऊन पाहून आले.