इंका जंगल ट्रेक, काही महिन्यांनंतर : हॉटेलच्या आधी ब्रेकची चौकशी करा

सायकलचे ब्रेक पॅड झिजवले म्हणून सहल कंपनीने माझ्या कार्डावरून परस्पर चाळीस डॉलर कापून घेतले होते. त्यांपैकी वीस डॉलर गेल्या आठवड्यात परत आले आणि उरलेले मिळणार नाहीत असे कंपनीने कळवले. या पत्रव्यवहारात काही महिने गेले. आता तो संपला आहे, तेव्हा पेरूमधील ‘इंका जंगल ट्रेक’ या चार दिवसांच्या सहलीचा अनुभव सविस्तर लिहिते. सहलीचा आराखडा असा : पहिल्या दिवशी अब्रा मालागा खिंडीतून सायकलने उतार, दुसऱ्या दिवशी सांता मारिया ते सांता तेरेसा पायी, तिसऱ्या दिवशी हिद्रोएलेक्त्रिका या वीजकेंद्राजवळच्या रेल्वे थांब्याहून रुळांच्या कडेने डोंगराच्या पायथ्याचे आग्वास कॅलिएन्तेस गाव आणि चौथ्या दिवशी माचू पिचू ही इंकांची प्राचीन डोंगरी नगरी. तिथे पायी जाणाऱ्या मूळ इंका ट्रेलवर वाटाडे आणि हमाल धरून दिवसाला 500 जणांनाच सोडतात, ते परवाने कित्येक महिने आधी संपतात आणि फेब्रुवारीत तो मार्ग देखभालीसाठी बंद असतो. जंगल ट्रेकला असा परवाना लागत नाही आणि खर्चही बराच कमी येतो, म्हणून मी आणि माझ्या नवऱ्याने हा मार्ग निवडला. माणशी साधारण अडीचशे डॉलरमध्ये राहणे, जेवण, वाटाड्या, सायकल आणि माचू पिचूचे तिकीट एवढे सर्व येत असेल, तर ती किंमत रास्त आहे असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

माझी तक्रार ब्रेकची आहे. अब्रा मालागा खिंड सुमारे 4,300 मीटरवर आहे आणि सांता मारिया साधारण 1,200 मीटरवर. आपले 1,646 मीटरचे कळसूबाई जवळजवळ दोनदा एकावर एक ठेवावे, एवढी उंची या घाटात काही तासांत उतरायची असते. पेडल मारण्याचे काम फारसे नाही. जे काम आहे ते ब्रेकचे आणि ब्रेक धरणाऱ्या बोटांचे. असे असताना माहितीपत्रकात हेल्मेट, गुडघ्याचे व कोपराचे संरक्षक, हातमोजे आणि चमकणारे जाकीट यांची यादी असते, हॉटेलात गरम पाणी मिळेल हे दोन ठिकाणी सांगितलेले असते आणि ब्रेक कोणत्या प्रकारचे आहेत, पॅड कधी बदलले, याविषयी अवाक्षर नसते. ज्या वस्तूवर माणसाचा जीव अवलंबून आहे, तिचा उल्लेख माहितीपत्रकात सर्वांत आधी असायला हवा.

खिंडीत गाडीच्या टपावरून सायकली उतरवल्या, तेव्हा धुके होते आणि हातमोज्यांतही बोटे गारठली होती. मी माझ्या सायकलचे पुढचे चाक उचलून हाताने फिरवले. ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकासोबत फिरणारी धातूची चकती, प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी खर्र असा आवाज करत होती आणि ब्रेकची मूठ दाबली की ती जवळजवळ हँडलला टेकत होती. माझा हात लहान आहे, त्यामुळे मूठ इतकी आत आल्यावर बोटांत जोर राहत नाही. वाटाड्याला दाखवल्यावर त्याने तारेचा ताण वाढवून दिला आणि मूठ थोडी घट्ट झाली. तो कामसू आणि मनमिळाऊ मुलगा होता. त्याच्याकडे पाना होता, पण बदलण्यासाठी पॅड नव्हते. त्याला दुसरी सायकलही देता आली नाही, कारण आणलेल्या सर्व सायकली वाटल्या गेल्या होत्या.

भारतातून जाणाऱ्यांसाठी याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. आपल्याकडे सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आम्हाला दिलेल्या सायकलींवर तो डाव्या हाताला होता. आपली सवय अशी की उतारावर घाबरलो की डावी मूठ, म्हणजे मागचा ब्रेक, बिनधास्त आवळायची. तिथे तसे केले तर पुढचे चाक जागीच अडकते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. निघण्यापूर्वीच्या सूचनांमध्ये हे कोणी सांगितले नाही. मी खिंडीतल्या सपाट जागेवर दोन्ही मुठी वेगवेगळ्या दाबून पाहिल्या, म्हणून लक्षात आले आणि नवऱ्याला सांगितले. तरीही पहिल्या काही वळणांवर त्याचा हात सवयीनेच चालला आणि एकदा त्याची सायकल मागून उचलली गेली. त्या वेळी वेग कमी होता म्हणून निभावले.

उतार स्वतः अपूर्व आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ओयांतायतांबो गावाच्या बाजूने चढताना कोरडे, पिवळट गवत दिसते. खिंड ओलांडली की ढगांत बुडालेले दाट जंगल सुरू होते आणि तासागणिक हवा बदलत जाते. वर घातलेली जाकिटे खाली उतरेपर्यंत पिशवीत जातात. रस्ता डांबरी आहे, मात्र काही ठिकाणी ओढे थेट रस्त्यावरून वाहतात. त्या पाण्यातून गेल्यावर डिस्क ओली होते आणि पुढचे काही क्षण ब्रेक नीट लागत नाही. अशा जागी आधीच वेग कमी करावा आणि पाणी ओलांडल्यावर मुठी हलक्या दाबून डिस्क कोरडी करून घ्यावी. शिवाय ब्रेक सतत धरून ठेवू नये. वळणाआधी जोराने दाबावा आणि वळण संपले की पूर्ण सोडावा, म्हणजे डिस्कला थंड व्हायला अवसर मिळतो. हे मी सर्व पाळले, तरी उताराच्या शेवटच्या टप्प्यात मागचा ब्रेक फक्त आवाज करत होता.

आणि याच मागच्या ब्रेकचे पॅड मी झिजवले असे कंपनीचे म्हणणे! पुरावा म्हणून त्यांनी पॅडचे छायाचित्र पाठवले. ते मी आमच्या पेठेत सायकली दुरुस्त करणाऱ्या काकांना दाखवले. काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि विचारले, "ताई, एका बाजूचा पॅड पत्र्याला लागलाय आणि दुसऱ्या बाजूचा निम्मा शिल्लक आहे, हे तुम्हाला दिसतंय ना?" नंतर त्यांनी दुकानातल्या एका सायकलवर मला ते प्रत्यक्ष समजावून दिले. तारेने चालणाऱ्या साध्या डिस्क ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो. तो डिस्कला ढकलून दुसऱ्या, स्थिर पॅडवर टेकवतो. स्थिर पॅड झिजेल तसा स्क्रू फिरवून पुढे आणावा लागतो. ते वेळोवेळी केले नाही, तर दोन्ही पॅड असमान झिजतात, डिस्क वाकून घासत राहते आणि मूठ हँडलपर्यंत येते. इतका फरक एका दुपारच्या वापराने पडत नाही, तो अनेक आठवड्यांच्या दुर्लक्षाने पडतो. त्यांचे हे स्पष्टीकरण मी कंपनीला लिहून पाठवले, त्यानंतरच निम्मे पैसे परत आले. उरलेल्या वीस डॉलरांवर माझा हक्क आहे असे मी आजही मानते. झिजणारा भाग हा भाड्यातच धरलेला असतो. घाट उतरण्यासाठी दिलेल्या सायकलचा ब्रेक वापरला म्हणून दंड आकारणे अन्यायाचे आहे.

तारेऐवजी द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये दोन्ही पॅड सारखे पुढे येतात आणि बोटांना कमी जोर लागतो. काही कंपन्या थोडे जादा पैसे घेऊन तशी सायकल देतात. एरवी सहलीत जादा पैसे मोजणे मला पटत नाही, पण इथे ते अवश्य मोजावेत आणि आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी सायकलचा प्रकार लेखी मागून घ्यावा.

परत आल्यानंतर पहिले काही आठवडे मी सर्वांना ही सहल टाळायलाच सांगत होते. आज तसे सांगणार नाही. बदल कसा झाला ते पुढच्या दिवसांविषयी लिहिताना स्पष्ट होईल.

दुसऱ्या दिवशीची चाल कॉफी, कोको आणि कोकाच्या बागांमधून जाते. उष्णता आणि चावणाऱ्या बारीक माश्या यांचा त्रास होतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. दुपारी एका शेतकरी घरात किन्वाचे सूप, भात आणि अवोकाडो मिळाले. शाकाहाराची अडचण आली नाही. नंतर उरुबांबा नदीच्या वर, कड्यात कोरलेली जुनी इंका वाट लागते. वाट जेमतेम एका माणसापुरती आहे आणि चढ आला की दगडी पायऱ्या सुरू होतात. इंकांनी प्रवासासाठी चाक वापरले नाही, त्यांच्याकडे घोडेही नव्हते. माणसे आणि लामा यांच्या पायांसाठीच हे रस्ते बांधले गेले. आदल्या दिवशी चाकावर उतरलेल्या माणसाला त्या पायऱ्या चढताना रस्ता कोणासाठी बांधला आहे हे पायांतून कळते. त्यांच्या रस्त्यांच्या जाळ्याला, म्हणजे क्वापाक न्यान याला, 2014 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण हा तुकडा पाहायला त्या दिवशी आमच्या गटाशिवाय जवळजवळ कोणी नव्हते. संध्याकाळी कोकालमायोच्या गरम पाण्याच्या कुंडात बसल्यावर ब्रेक धरून आखडलेली बोटे पहिल्यांदा मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशीच्या झिपलाइनचे, म्हणजे दरीवर ताणलेल्या तारेवरून घसरत जाण्याचे, पैसे वेगळे द्यावे लागतात, ते आम्ही दिले नाहीत. हिद्रोएलेक्त्रिकाहून पुढची चाल सुमारे 10 किलोमीटरची आहे. कंपनी रेल्वेचे भाडे वाचवण्यासाठी आपल्याला रुळांवरून चालवते, अशी माझी जाण्यापूर्वी समजूत होती. परदेशी प्रवाशांना रेल्वे महाग पडते हे खरेच आहे, पण रेल्वे फुकटात दिली तरी मी ही चाल सोडणार नाही, इतकी ती सुंदर आहे. एका बाजूला फेसाळती नदी, दुसऱ्या बाजूला केळी आणि नेचे, आणि मान वर केली तर डोंगरमाथ्यावर इंकांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांची एक रेघ. वाटाड्याने इथेच सांगितले की हा लोहमार्ग पूर्वी कियाबांबापर्यंत जात होता. 1998 च्या सुरुवातीला आलेल्या प्रचंड चिखलाच्या लोंढ्यांनी वीजकेंद्र, जुने सांता तेरेसा गाव आणि पुढचा मार्ग उद्ध्वस्त केला. तेव्हापासून गाडी इथपर्यंतच येते. याच नदीकाठी मांदोर येथे राहणारा शेतकरी मेल्चोर आर्तेआगा 24 जुलै 1911 रोजी माचू पिचू जगापुढे आणणारा अमेरिकन संशोधक हायरम बिंगहॅम याला वर त्या नगरीत घेऊन गेला. त्याच्याही आधी, 1902 मध्ये, आगुस्तीन लिसारागा या स्थानिक शेतकऱ्याने तिथल्या भिंतीवर आपले नाव लिहून ठेवले होते. रेल्वेच्या खिडकीतून हे अंतर काही मिनिटांत निघून गेले असते. कंपनीच्या काटकसरीचा फायदा इथे प्रवाशालाच होतो, हे मी मनापासून मान्य करते.

माचू पिचूच्या तिकिटाबाबत कंपनीने दिलेला शब्द पाळला. जून 2024 पासून तिथे तीन मुख्य मार्ग आखले आहेत आणि ज्या मार्गाचे तिकीट असेल त्याच मार्गाने फिरावे लागते. पहिल्या मार्गावरून वरून दृश्य दिसते, पण नगरीच्या आतील भागात जाता येत नाही. बहुतेक नगरी आतून पाहायची असेल तर दुसऱ्या मार्गाचे तिकीट हवे, असे आरक्षणाच्या वेळीच लिहून द्यावे. तिकीट पासपोर्टावरील नावाने असते आणि मूळ पासपोर्ट दारावर दाखवावा लागतो. खालच्या पुलापासून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या आम्ही पहाटे चढलो आणि बसचे पैसे वाचवले. गुडघे दुखरे असतील तर मात्र बस घ्यावी.

वर पोहोचल्यावर सर्वांची नजर वायना पिचूच्या सुळक्याकडे जाते. माझी नजर पाण्याकडे गेली. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी सुमारे 750 मीटरच्या दगडी पाटातून नगरीत आणले आहे आणि ते एकाखाली एक अशा 16 कुंडांतून उतरते. त्यातल्या एका कुंडाजवळ वाकून पाहिले : वरच्या दगडात जेमतेम बोटभर रुंदीची खाच कोरली आहे आणि तिच्यामुळे पाणी भिंतीवरून न ओघळता सुटी धार धरून पडते, जेणेकरून तिच्याखाली भांडे धरता यावे. पंधराव्या शतकातली ही खाच आजही आपले काम करते, कारण पाटाचा उतार किती ठेवायचा आणि पाणी कुठे अडवायचे, याचा विचार बांधणाऱ्यांनी आधी केला होता. जमिनीखालचा निचराही तितकाच विचारपूर्वक केलेला आहे. अतिवृष्टीच्या या डोंगरधारेवर भिंती टिकल्या त्या त्यामुळे. एवढी काळजी घेऊन उभारलेली जागा दाखवायला नेणाऱ्यांनी सायकलच्या एका स्क्रूकडे लक्ष देऊ नये, याचा मला अधिकच राग आला. तरीही ही जागा अशी पायी आणि सायकलने गाठल्याचे समाधान त्या रागापेक्षा मोठे आहे. म्हणूनच सहल टाळा असे म्हणणे मी सोडले आहे.

परतीचा प्रवास पुन्हा हिद्रोएलेक्त्रिकापर्यंत पायी आणि तिथून गाडीने कुस्को शहर असा लांबचा आहे. त्याच रात्रीचे विमान ठरवू नये. भारतातून जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि तिचे पिवळे कार्ड पासपोर्टासोबत ठेवावे. पेरूहून भारतात परतताना ते दाखवावे लागते आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. मुंबईत उतरल्यावर आमची कार्डे तपासली गेली आणि ती हातातच असल्यामुळे आम्ही लगेच बाहेर पडलो.