कृत्रिम झाड: कापडी पानांचं की प्लास्टिकच्या?

कोपऱ्यात पाच फुटी फायकस (वड-पिंपळाच्या जातीचं शोभेचं झाड) ठेवायचा, पण पानं कोणती? लांबून कापडी पान जास्त खरं वाटतं, चकाकत नाही. मात्र विणीत धूळ अडकते, ओल्या फडक्याने ती चिखलासारखी बसते. कोरड्या मऊ ब्रशनेच झटकावी लागते. कडांचे धागेही सुटतात. पॉलिथिलीनचं, म्हणजे प्लास्टिकचं पान साबणाच्या कोमट पाण्याने धुता येतं, पण उन्हात फिकट होऊन तडकतं. बाल्कनीसाठी यूव्ही-रोधक (उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारं) आहे का, हे विचारूनच घ्या. ‘अगदी खरं’ हे लेबल विसरा, फांद्यांतली तार वाकवून बघा.

बूड दोन्हींचं हलकंच. मोठ्या कुंडीत खडी भरून वर काथ्या पसरा.

सावलीतल्या हॉलला कापडी, स्वयंपाकघराजवळ किंवा बाल्कनीत प्लास्टिक.