फरशी आमची, फ्लॅट दुसऱ्याचा

"संचकार झालाय न्हवं, मग कशाला थांबताय? किल्ली घ्या, काम चालू करा. खरेदीपत्र काय, होतंयच की." जुना फ्लॅट बघायला गेल्यावर कुणी असं म्हणालं तर किल्ली हातात घेऊ नका. याच बोलण्यावर आमचे साडेनऊ लाख रुपये गेले. त्यातले तीन लाख संचकाराचे, म्हणजे सौदा ठरताना दिलेल्या इसाराचे. बाकीचे साडेसहा लाख आमच्याच हातांनी दुसऱ्याच्या भिंतीत, फरशीत आणि पाइपात घालून घेतले गेले, आणि ही पद्धतच आहे हे नंतर कळलं. म्हणून लिहितोय.

मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत काम करतो, बायको शाळेत शिकवते. चाळीस लाखांच्या आत, गावात, मुलांच्या शाळेजवळ एवढीच अट होती. त्या पैशात नवीन स्कीम बघायची तर कळंब्याच्या पुढं जावं लागत होतं. नागाळा पार्क, रमणमळ्याकडं दोन चांगले फ्लॅट बघितले, पण बायकोनं हात जोडले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं. व्हीनस कॉर्नरला होड्या चाललेल्या ज्यांनी बघितल्यात त्यांना यावर जास्त सांगायला नको. मग एजंटनं राजारामपुरीतला एक फ्लॅट दाखवला. नव्वदच्या दशकातलं बांधकाम, दुसरा मजला, लिफ्ट नाही, साडेआठशे स्क्वेअर फूट, किंमत 36 लाख. "काम काढावं लागंल दादा, म्हणून तर रेट असा आहे," हे त्यानं स्वतःच सांगितलं. कमीपणा आधीच कबूल करणारा माणूस खरा वाटतो.

घ्यायचा की नाही हे ठरवायला आम्ही घाई केली नाही. माझा मित्र सिव्हिल इंजिनिअर आहे, त्याला नेलं. त्यानं टेरेसवर जाऊन वॉटरप्रूफिंग बघितलं, जिन्याखालचे कॉलम बघितले, बाथरूमच्या खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छताला ओल आहे का ते बघितलं. स्लॅबचा गिलावा हातोडीनं वाजवून बघितला. पोकळ आवाज फक्त बाल्कनीच्या एका कोपऱ्यात आला, तिथं सळीला गंज धरला होता. पाण्याच्या लाइनी जुन्या जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाच्या होत्या, आतून बुजत आलेल्या. वायरिंग सगळं बदलायचं, अर्थिंगचा पत्ता नाही. सहा-सात लाखांचं काम आहे, पण सांगाडा दणकट आहे, असं त्याचं मत पडलं. ते मत बरोबरच होतं. फौंड्रीत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी राहिलेल्या कास्टिंगला पुट्टी भरून रंग मारतात, तसली बनवाबनवी आम्ही भिंतीत शोधत होतो. ती भिंतीत नव्हतीच.

एक गोष्ट मात्र खटकली होती. सगळं घर जुनं, मोझॅकची फरशी, दारांचा रंग उडालेला. आणि किचन कट्टा नवाकोरा. काळा ग्रॅनाइट, कडा गोल केलेल्या, स्टीलचं सिंक, त्यावरचं कंपनीचं स्टिकर तसंच. बायकोनं विचारलं तर मालक म्हणाला, "आईसाठी केला होता वहिनी, वापरायच्या आधीच गेली."

असं म्हटल्यावर पुढं काय विचारणार?

आता कागद. फ्लॅट मूळ त्याच्या वडिलांच्या नावावर. ते कोरोनात गेले, त्यानंतर आई. मागं हा आणि गडहिंग्लजला दिलेली एक बहीण. त्यानं फाइल दाखवली ती अशी: घरफाळ्याची पावती स्वतःच्या नावावर, लाइट बिल स्वतःच्या नावावर, वडिलांच्या डीडची रंगीत झेरॉक्स (मूळ कागद लॉकरमध्ये, खरेदीच्या दिवशी आणतो), आणि बहिणीचं हक्कसोडपत्र. ते स्टॅम्पपेपरवर टाइप केलेलं, खाली सही, नोटरीचा गोल शिक्का. तीही झेरॉक्सच.

याच कागदांवर गाडं फसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. घरफाळा कुणाच्या नावावर आहे यावरून मालकी ठरत नाही. महापालिकेला कर भरणारा माणूस पाहिजे असतो, मालक कोण हे ती ठरवत नाही. लाइट बिलाचंही तेच. हिंदू कुटुंबात बाप मृत्युपत्र न करता गेला, तर मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा असतो. मुलीचं लग्न झालंय की नाही याचा काही संबंध नाही. त्या हिश्श्यावरचा हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांसमोर रजिस्टर व्हावं लागतं. नोटरीच्या शिक्क्यावर बहिणीचा हिस्सा भावाकडं जात नाही. आपल्याकडं मात्र लाल गोल शिक्का दिसला की कागद पक्का असं समजण्याची पद्धत आहे, आणि एजंट लोकांचं अर्धं दुकान त्या शिक्क्यावर चालतं.

संचकारपत्र पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरीसमोर झालं. मी म्हटलं होतं, साठेखत, म्हणजे खरेदीपत्राआधीचा विक्रीचा करार, रजिस्टर करू. एजंटनं लगेच हिशेब मांडला. कोल्हापूर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्के, वहिनींच्या नावावर घेतला तर पाच. म्हणजे दोन लाखांच्या घरात आत्ताच अडकणार, वर नोंदणी फी तीस हजार. "ते पैसे आत्ता कामाला लावा की दादा, खरेदीपत्राला एकदमच भरूया." त्यानं एक सांगितलं नाही. साठेखताला भरलेलं शुल्क पुढं खरेदीपत्रात वजा होतं, ते वाया जात नाही. दुसरं, संचकारपत्रात एक ओळ होती: "सदर मिळकतीचा ताबा दिलेला नाही." का, तर ताबा दिला असं लिहिलं की पूर्ण मुद्रांक लागतो. कागदावर ताबा नाही, आणि त्याच संध्याकाळी किल्ली आमच्या हातात. ही ओळ नंतर आमच्यावरच उलटली.

लोनचं विचारलं तर एजंट म्हणे, "लोन खरेदीच्या वेळी करू. आधी काम होऊ दे, व्हॅल्युएशन वाढून येतंय." ठेकेदारही त्याचाच. पावसाळा तोंडावर होता, त्यामुळं बाल्कनीचं काम पहिलं धरलं. मग जुनी फरशी काढून व्हिट्रिफाइड, सगळं वायरिंग, सीपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) नव्या लाइनी. ठेकेदाराला पैसे फोनवरून जायचे, पावती मागितली की "सगळं झाल्यावर एकच बिल देतो." त्या बिलाचं तोंड आम्ही आजवर बघितलेलं नाही.

बाथरूम फोडायला घेतलं त्या दिवशी मी तिथं उभा होतो. प्लंबर वयस्कर होता, करवीर तालुक्यातल्या कुठल्यातरी गावचा. टाइल उचकटल्या, खाली छिन्नी लावली आणि तो थांबला. हातानं माती बाजूला केली, ट्रॅपकडं बघितलं आणि म्हणाला, "ह्यो मीच बसवलाय की सायेब. ह्याच्या खालचं वॉटरप्रूफिंग बी आमच्याच पोरांनी केलंय. गेल्या पार्टीच्या वेळंला." मी विचारलं, कुठली पार्टी? तो म्हणाला, "त्येच की, ज्येंनी कट्टा बशीवला." आणि मग माझ्या तोंडाकडं बघून गप्प झाला. ठेकेदारानं त्याला बाहेर बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून प्लंबर बदलला.

मी त्याच आठवड्यात बँकेत गेलो आणि लोनची फाइल टाकली. एजंट नको म्हणत असतानाच टाकली. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलानं सर्च काढला, म्हणजे फ्लॅटचे आधी नोंदवलेले दस्त तपासले, आणि पहिलाच प्रश्न टाकला: मूळ मालकाच्या मुलीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठं आहे? इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सरकारी यादीत, असं काहीच नव्हतं. ते असल्याशिवाय फाइल पुढं जाणार नाही.

मालकाला फोन केला. तो म्हणाला, ताईचं मन बदललंय, ती आता पाच लाख जास्त मागते. नसेल जमत तर संचकार परत घ्या. आणि काम? "ते तुम्ही तुमच्या हौसेनं केलंसा. मी कुठं सांगितलं होतं? ताबा दिलेलाच नाही, कागद बघा."

गडहिंग्लजला त्या ताईंच्या घरी आम्ही दोघं जाऊन आलो. मनाची तयारी भांडणाची होती. बाईंनी चहा केला, झेरॉक्स हातात घेतली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "ही माझी सही नव्हं. आणि भाऊ फ्लॅट विकतोय हे मला आत्ता तुमच्याकडनं कळतंय." पाच लाखांची गोष्ट ऐकून त्या रडायलाच लागल्या. या प्रकरणात सरळ वागलेलं एकच माणूस भेटलं, ते ज्यांच्या नावानं आम्हाला फसवलं जात होतं त्याच.

आधीची पार्टी शोधणं अवघड गेलं नाही. ग्रॅनाइटवाल्याचं नाव त्या नव्या प्लंबरनंच दिलं, आणि ग्रॅनाइटवाल्याकडनं पत्ता मिळाला. ते गृहस्थ निवृत्त आहेत. त्यांचाही दोन लाखांचा संचकार, तेच नोटरीचं हक्कसोडपत्र, तोच ठेकेदार. किचन आणि बाथरूमचं वॉटरप्रूफिंग होईपर्यंत सगळं गोड, मग ताईचं मन बदललं. त्यांना चार लाख वाढवून मागितले होते. त्यांनी कंटाळून संचकार परत घेतला, तोही हप्त्यानं, आणि केलेल्या कामावर पाणी सोडलं. म्हणजे मालकाला विकायचं आहे की नाही हा प्रश्नच वेगळा. येणारा प्रत्येकजण घराचा एकेक भाग नवा करून देतोय. कुणी वाढीव पैसे देऊन टिकला तर फायदा, नाही टिकला तरी कट्टा, वॉटरप्रूफिंग, फरशी त्याचीच.

आणि हे कुठल्याच सर्चमध्ये दिसत नाही, कारण नोटरीचा संचकार इंडेक्स टू मध्ये येतच नाही. त्यांचा आम्हाला दिसला नाही, आमचा पुढच्याला दिसला नसता. रजिस्टर साठेखत दिसतं. "स्टॅम्प वाचवा" हा सल्ला किती फुकटचा असतो ते यावरून बघा.

अपार्टमेंटमधल्या लोकांनी का सांगितलं नाही, असं सगळे विचारतात. खालच्या मजल्यावरचे काका नंतर म्हणाले, "तुम्ही दुसरे. आम्हाला वाटलं तुम्हाला ठाऊक असणार." एजंट आम्हाला कायम दुपारी न्यायचा, सगळे कामावर असताना. तुम्ही रविवारी सकाळी जावा, एजंटला न सांगता. अपार्टमेंटचा मेंटेनन्स कोण गोळा करतो त्याला भेटा आणि सरळ विचारा की या फ्लॅटमध्ये आधी कुणी काम काढलं होतं का. जुन्या घरात एखादीच वस्तू नवीकोरी दिसली तर ती कुणी बसवली, कुठल्या दुकानातनं आणली, हे विचारायला लाजू नका. भले समोरचा आईचं नाव घेवो.

पोलिसांकडं गेलो तर पहिल्यांदा ठरलेलं उत्तर मिळालं, ही दिवाणी बाब आहे. वकिलांनीही काही गोड बोलून समजूत काढली नाही. नोंदणी नसलेल्या करारावर ताबा घेतला तर 2001 च्या दुरुस्तीनंतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53-अ चं, म्हणजे घेतलेला ताबा टिकवण्याचं, संरक्षण मिळत नाही, आणि आमच्या कागदात तर ताबा नाहीच असं लिहिलेलं. भावानं केलेल्या करारानं बहिणीचा हिस्सा बांधला जात नाही, त्यामुळं पूर्ण फ्लॅट कोर्टातनं मिळवायची आशा ठेवू नका, असंही सांगितलं. कामाचे पैसे सिद्ध करायचे तर बिलं पाहिजेत, त्यावर फ्लॅटचा पत्ता पाहिजे. आमच्याकडं फोनवरचे व्यवहार आणि बायकोनं काढलेले फोटो. ते फोटोच उपयोगी पडताहेत. तारखा त्यात आपोआप आल्यात.

चक्र फिरलं ते ताईंच्या अर्जामुळं. बनावट सहीची तक्रार त्यांनी स्वतः दिली, सोबत आधीच्या गृहस्थांचा आणि आमचा जबाब जोडला. तीन वेगळी माणसं एकच गोष्ट सांगायला लागल्यावर पूर्वीचं 420, आताच्या भारतीय न्याय संहितेचं 318, याची भाषा ठाण्यात सुरू झाली. एजंटनं फोन बंद केला. ठेकेदार म्हणतो, मी फक्त काम केलं.

मालकानं वकिलामार्फत संचकार परत करायची तयारी दाखवली आणि दीड-दीड लाखांचे दोन चेक दिले. एक वटला. दुसरा परत आला, त्यावर कलम 138 ची नोटीस पाठवली आहे. ताईंनी वाटपाचा दावा टाकलाय आणि त्याची लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा चालू असल्याची, नोटीस निबंधक कार्यालयात रजिस्टर करून घेतली आहे; महाराष्ट्रात ती नोंदवल्याशिवाय नव्या खरेदीदाराला लागू होत नाही. त्यामुळं आता त्या फ्लॅटचा सर्च कुणी काढला तर तो दावा समोर येतो. फरशीच्या पैशांचा आमचा वेगळा दावा त्याच्या मागं उभा आहे.