डाव्या-उजव्यापलीकडे: हरित राजकारण की नागरिक सभा?

१७८९च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेत राजाच्या अधिकारांचे समर्थक अध्यक्षांच्या उजवीकडे बसले, विरोधक डावीकडे. राजकारणातले ‘डावे’ आणि ‘उजवे’ तिथूनच आले. त्या दोन बाजूंत माझे प्रश्न मावेनासे झाले, तेव्हा दोन वाटा खुणावू लागल्या.

पहिली हरित राजकारणाची, म्हणजे पर्यावरणाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या राजकारणाची. डावे असोत की उजवे, उत्पादन वाढत राहावं हे बहुतेकांनी गृहीतच धरलेलं. हरितांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. हे मला आजही फार मोलाचं वाटतं. पण जर्मनीतला हरित पक्ष १९८०मध्ये स्थापन झाला, १९९८मध्ये सत्तेत गेला आणि शांतता चळवळीतून आलेला असूनही १९९९मध्ये कोसोव्हो युद्धातल्या सहभागाला त्याने पाठिंबा दिला. पक्ष झाला की सत्तेची गणितं येतातच.

दुसरी वाट नागरिक सभेची, म्हणजे सोडतीसारख्या पद्धतीने निवडलेल्या सामान्य माणसांची. ही विचारसरणी नाही, निर्णयाची रीत आहे. आयर्लंडमध्ये अशा ९९ नागरिकांनी गर्भपातबंदीवर काही महिने तज्ज्ञांचं आणि एकमेकांचं ऐकलं; त्यांच्या शिफारशींनंतर २०१८च्या सार्वमतात घटनेतली बंदी उठली. फ्रान्समधल्या १५० जणांच्या हवामान सभेच्या कित्येक शिफारशी मात्र सरकारने बोथट केल्या.

माझा कल आता सभेकडे आहे. पण तिच्यापुढे कोणता प्रश्न ठेवायचा हे सरकारच ठरवणार असेल, तर वाढीच्या मर्यादेचा प्रश्न तिथे पोहोचवायला हरितांचाच रेटा लागेल.