घोडदळातून थेट विमानात: ऑस्ट्रेलियाच्या अभिलेखागाराची मोफत ऑनलाइन सेवा, ग्वाल्हेरकरांसाठी परीक्षण

पहिल्या महायुद्धात लढलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकाची अख्खी सेवा-फाइल, म्हणजे भरतीच्या अर्जापासून पदकाच्या पोचपावतीपर्यंतचे कागद, एक पैसा न भरता आणि खातंही न उघडता बघता येतात. नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ ऑस्ट्रेलियाच्या या सेवेचं नाव रेकॉर्डसर्च. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरची मिराज विमानं डोक्यावरून जाताना बघत मोठ्या झालेल्या आपल्या गावात विमानांचं वेड नवीन नाही, आणि शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत पणजोबांच्या फौजेतल्या नोकरीचा शोध घेणारेही बरेच आहेत. दोघांनाही ही सेवा शिकून घेण्यासारखी आहे. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

नमुन्याला माणूस घेतला आहे रॉस मॅकफर्सन स्मिथ. जन्म ४ डिसेंबर १८९२, अॅडलेडजवळचं सेमाफोर. ऑगस्ट १९१४ मध्ये तिसऱ्या लाइट हॉर्स या घोडेस्वारांच्या रेजिमेंटमध्ये साधा शिपाई म्हणून भरती. १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीची लढाई, तिथेच बढत्या मिळून सेकंड लेफ्टनंट. ऑगस्ट १९१६ मध्ये सिनाईच्या वाळवंटात रोमानीची लढाई, तीही मशीनगन तुकडीत. मग ऑस्ट्रेलियन फ्लाइंग कोअरमध्ये आधी निरीक्षक (मागच्या सीटवरून टेहळणी करणारा), नंतर वैमानिक, आणि ब्रिस्टल फायटरवर ११ हवाई विजय. युद्ध संपल्यावर १२ नोव्हेंबर १९१९ ला लंडनजवळच्या हाउन्स्लोहून व्हिकर्स विमी विमान घेऊन निघाला आणि कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता असं करत १० डिसेंबरला डार्विनला उतरला. सोबत भाऊ कीथ आणि बेनेट व शायर्स हे दोन मेकॅनिक. या उड्डाणाचं बक्षीस १०,००० पौंड.

अशा माणसाची फाइल शोधताना एक गोष्ट आधी कळायला हवी, नाहीतर चुकीच्या दारावर टकटक होते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचं हवाई दल वेगळं नव्हतं. फ्लाइंग कोअर हा लष्कराचाच भाग होता. त्यामुळे घोड्यावरचा शिपाई आणि कॉकपिटमधला कॅप्टन एकाच फाइलमध्ये सापडतात. ही मालिका (अभिलेखागारातला फाइलींचा एक गट) बी२४५५, १९१४ ते १९२० या काळातल्या पहिल्या ऑस्ट्रेलियन इम्पीरियल फोर्सच्या वैयक्तिक फाइलींची. संख्या पावणेचार लाखांच्या आसपास, आणि सगळ्या स्कॅन झालेल्या.

दुसऱ्या महायुद्धात हे गणित बदलतं. रॉयल ऑस्ट्रेलियन एअर फोर्स ३१ मार्च १९२१ ला स्वतंत्र झालं. म्हणून १९४० मध्ये पायदळात भरती होऊन नंतर फायटर पायलट झालेल्या माणसाच्या दोन फाइली असू शकतात: लष्कराची बी८८३ मालिकेत आणि हवाई दलाची ए९३०० मध्ये. ए९३०० अधिकाऱ्यांची. तो सार्जंट पायलटच राहिला असेल तर ए९३०१ बघायची. विमान पडून किंवा बेपत्ता होऊन गेला असेल तर ए७०५ मालिकेत अपघाताची वेगळी फाइल मिळण्याची शक्यता बरीच, आणि बहुतेक वेळा खरी माहिती तिथेच असते. एकच फाइल उघडून ‘अर्धं करिअर गायब आहे’ म्हणणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो.

आता प्रत्यक्ष शोध. पाहुणा म्हणून आत जा, साधा शोध सोडून आयटमसाठीचा, म्हणजे एकेका फाइलीसाठीचा, प्रगत शोध उघडा. मालिकेच्या रकान्यात बी२४५५, आणि शब्दांच्या रकान्यात आडनाव व जन्मगाव. हे सगळं अर्थातच इंग्रजी लिपीत. नुसतं स्मिथ टाकलंत तर मेलातच, हजारोंनी येतात. स्मिथसोबत सेमाफोर टाकलं की यादी आटोक्यात येते. कारण असं की प्रत्येक नोंदीच्या शीर्षकातच सेवा क्रमांक, जन्मस्थान, भरतीचं ठिकाण आणि जवळचा नातेवाईक हे चारही तुकडे घातलेले असतात, आणि शोध त्या शीर्षकावर चालतो. बापाचं नाव माहीत असेल तर तेही वापरा.

सेवा क्रमांकावर फार विसंबू नका. त्या युद्धात क्रमांक अख्ख्या फौजेत एकमेव नसायचे, दोन वेगळ्या रेजिमेंटमध्ये तोच आकडा दोघांना असू शकतो. त्यात अधिकाऱ्यांना क्रमांकच नसे. त्यामुळे शीर्षकात क्रमांकाच्या जागी बऱ्याचदा ‘लेफ्टनंट’ किंवा ‘कॅप्टन’ लिहिलेलं दिसतं. शिपायाचा अधिकारी झालेल्या माणसाला जुन्या क्रमांकाने शोधणारा म्हणूनच रिकाम्या हाताने परततो.

आडनावांचं स्पेलिंग हा आणखी एक खड्डा. पॉल मॅकगिनेसचं बघा. आठव्या लाइट हॉर्समधून गॅलिपोलीला लढून पदक मिळवलं, पुढे फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक झाला, आणि १९२० मध्ये हडसन फिशसोबत क्वांटास ही विमान कंपनी काढली. त्याचं आडनाव वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळं लिहिलेलं आढळतं. ‘मॅक’वाली नावं कधी जोडून, कधी मधे जागा सोडून. अशा वेळी नावाची पहिली चार-पाच अक्षरं आणि पुढे तारकाचिन्ह टाकायचं. मधलं नाव टाकू नका, ते जितकं कमी तितकं बरं.

नोंद सापडली की डिजिटल प्रतीचं बटण दाबा. पानं एकेक करून उघडतात, आणि अख्खी फाइल पीडीएफ म्हणून उतरवूनही घेता येते. फोनवर एकेक पान चाळत बसण्यापेक्षा सरळ पीडीएफ घ्यावी. शोधाच्या पानाची लिंक मात्र कोणाला पाठवू नका. ती सत्र संपलं की मरते, समोरच्याला काहीच दिसत नाही. नोंदीवरचा आयटम क्रमांक लिहून ठेवायचा आणि तोच पाठवायचा. इतक्या चांगल्या सेवेत हा जुनाटपणा अजून शिल्लक आहे, अर्धा गुण कापला तो यासाठी.

फाइलमध्ये सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे फॉर्म बी१०३, सेवा आणि हानीची नोंद. भरतीच्या अर्जावर उंची, छातीचं माप, धंदा, धर्म, अंगावरच्या खुणा असतात. ते वाचायला मजा येते, पण करिअर कळतं ते बी१०३ वरूनच. आणि तो वाचताना सगळ्यात जास्त चुका होतात त्या तारखांच्या. डाव्या बाजूला असते ती अहवाल आल्याची तारीख. घटना घडल्याची तारीख उजवीकडे, ठिकाणाच्या शेजारी. दोन्हींत काही दिवसांचं, इस्पितळाच्या बाबतीत कधी काही आठवड्यांचं अंतर असतं. डावीकडची तारीख उचलली तर माणूस गॅलिपोलीवरून निघाल्यानंतरही तिथे लढताना दिसतो.

मजकूर सगळा संक्षेपांत. ‘टी. ओ. एस.’ म्हणजे तुकडीच्या पटावर घेतलं, ‘एस. ओ. एस.’ म्हणजे पटावरून काढलं. तुकडी बदलली की एका तुकडीतून एस. ओ. एस. आणि दुसरीत टी. ओ. एस. अशी जोडी शोधायची. ‘जी. एस. डब्ल्यू.’ गोळीची जखम, ‘पी. यू. ओ.’ कारण न कळलेला ताप. वाळवंटातल्या फौजेत हा ताप पानोपानी भेटतो. ‘एम. ई. एफ.’ आणि ‘ई. ई. एफ.’ ही भूमध्य आणि इजिप्तच्या मोहिमेची फौज. घोडदळातून विमानात गेलेल्या माणसाच्या बाबतीत पटावरून काढण्याच्या आधी ‘अटॅच्ड’ असा शब्द बघायला विसरू नका. बरेच लाइट हॉर्सवाले आधी निरीक्षक म्हणून तात्पुरते जोडले गेले, कायमची बदली पुढे झाली. वाळवंटाची जमीन, कोरडे नाले, शत्रूच्या छावण्यांची ठेवण त्यांना घोड्यावरून पाठ झालेली होती, म्हणून मागच्या सीटवर त्यांना मागणी होती. या काळात फाइल पाहून माणूस अजून घोडदळातच आहे असं वाटतं, आणि तो मात्र हजारो फुटांवरून तुर्की खंदकांचे फोटो काढत असतो.

आता दुसरी मोठी गफलत. स्मिथची तुकडी म्हणजे ऑस्ट्रेलियन फ्लाइंग कोअरची क्रमांक १ स्क्वाड्रन. पण १९१६ च्या उत्तरार्धापासून १९१८ च्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश तिला आपल्या रॉयल फ्लाइंग कोअरची ६७ वी (ऑस्ट्रेलियन) स्क्वाड्रन म्हणत. एकाच फाइलमध्ये दोन्ही आकडे येतात. नवखा वाचक लगेच ‘दोन स्क्वाड्रनमध्ये बदली’ असं लिहून मोकळा होतो. बदली वगैरे काही नाही.

हवाई लढाया मात्र या फाइलमध्ये शोधू नका. किती विमानं पाडली, कुठलं विमान उडवलं, कोणत्या दिवशी कुठे बॉम्ब टाकले, यातलं काहीच बी१०३ वर येत नाही. तिथे बढती, बदली, रजा, आजार आणि पदक एवढंच. उड्डाणांसाठी ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलच्या संकेतस्थळावर जायचं, तेही मोफत. तिथे एडब्ल्यूएम४ या मालिकेत तुकड्यांच्या युद्ध-दैनंदिन्या महिन्यावार लावलेल्या आहेत. स्मिथसाठी सप्टेंबर १९१८ चा महिना उघडावा. पॅलेस्टाइनमधली शेवटची मोठी मोहीम तेव्हाचीच. त्या आघाडीवर हँडली पेज ओ/४०० जातीचं मोठं बॉम्बर एकच होतं आणि ते स्मिथच्या हाती होतं. त्याने अफुलेच्या टेलिफोन केंद्रावर बॉम्ब टाकले, आणि नंतर उम्म अस-सुराबला ब्रिटिश अधिकारी लॉरेन्सच्या अरब फौजेसाठी पेट्रोल आणि सामान उतरवलं. २१ तारखेला वादी फाराच्या घळीत माघार घेणाऱ्या तुर्की फौजेवर विमानांनी हल्ला केला, आणि दोनच दिवसांनी, २३ ला, आपल्या जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सनी हैफा घेतलं. ऑस्ट्रेलियन लाइट हॉर्स आणि हे आपले घोडेस्वार एकाच डेझर्ट माउंटेड कोअरमध्ये होते. दैनंदिनी वाचताना नकाशा शेजारी ठेवला की हे आपोआप जुळतं.

विजयांच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी. ब्रिस्टल फायटर दोन माणसांचं विमान. पुढे वैमानिकाची मशीनगन, मागे निरीक्षकाची. पडलेलं विमान दोघांच्याही खात्यावर लिहिलं जाई. वैमानिकाचे ११ आणि निरीक्षकांचे आकडे यांची बेरीज करून स्क्वाड्रनचा हिशेब मांडलात तर तो फुगणारच.

पदकांच्या शिफारशी एडब्ल्यूएम२८ मालिकेत आहेत. इथे वर्ष लक्षात ठेवा. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदकच ३ जून १९१८ ला सुरू झालं. त्याआधी हवेतल्या पराक्रमाला लष्कराचाच मिलिटरी क्रॉस मिळे. स्मिथला दोन मिलिटरी क्रॉस आणि तीन फ्लाइंग क्रॉस मिळाले ते यामुळेच. पहिले दोन जमिनीवरच्या लढाईचे असतील असं समजू नका. शिफारशीचा कागद हवा तो आणखी एका कारणाने: सरकारी गॅझेटमध्ये छापलेलं वाक्य बहुतेक वेळा मोघम असतं, तारीख आणि ठिकाण शिफारशीतच मिळतं.

तिसरा आधार ट्रोव्ह, ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा वर्तमानपत्रांचा साठा. १९१९ च्या उड्डाणाची रोजची बातमी इथे वाचायला मिळते. मजकूर यंत्राने वाचलेला असल्यामुळे अक्षरं गळतात, पण वाचक स्वतः दुरुस्ती करू शकतात ही त्याची खुबी. शोधात एक शब्द लागला नाही तर त्याचं मोडकं रूप टाकून बघा. ग्वाल्हेरकरांनी जाता जाता ‘ग्वालियर’चं इंग्रजी स्पेलिंग टाकायला हरकत नाही. महाराज माधवराव शिंद्यांच्या नावाने १९१४ मध्ये घेतलेल्या ‘लॉयल्टी’ या रुग्णालय-जहाजाचा माग काढणाऱ्यांनी तर नक्कीच. हेच जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं आणि त्या दिवसाचा आपण आता राष्ट्रीय सागरी दिन करतो.

आपल्या संस्थानी फौजेतल्या माणसासाठी असा एका जागी, शीर्षकावर शोध चालणारा साठा नाही, हे वेगळं सांगायला नको. तिथे सनदा, मोडी कागद, रेजिमेंटचे पट असं तुकड्या-तुकड्यांनी जोडावं लागतं. म्हणून आधी चार ऑस्ट्रेलियन फाइली वाचून हात बसवून घ्यावा. त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीचे फॉर्म आणि संक्षेप बरेचसे सारखेच आहेत.

छापून घ्यायचं असेल तर लष्कर भागातल्या झेरॉक्सवाल्याला पीडीएफ देण्याआधी कॉन्ट्रास्ट वाढवून घ्या. जुन्या कागदाची पार्श्वभूमी करडी येते, टोनर जातो आणि जांभळ्या पेन्सिलीतला मजकूर त्यातच बुडतो. अख्खी फाइल छापू नका. बी१०३ ची पानं, भरतीचा अर्ज आणि पदकाचे कागद पुरेत, बाकी पत्रव्यवहार पडद्यावर वाचावा. फाइल स्कॅन झालेली नसेल, जे दुसऱ्या महायुद्धाच्या कागदांत होऊ शकतं, तर प्रत मागवावी लागते आणि त्याला पैसे पडतात. चौकशीची मेल सकाळी लवकर टाका. कॅनबेरा आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच. आपण दुपारचं जेवण उरकेपर्यंत तिथलं कार्यालय बंद व्हायला आलेलं असतं.