आईच्या दाढेचं इम्प्लांट, गंगापूर रोड
दाढ काढल्यावर ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात) की इम्प्लांट असा घोळ चालला होता घरात, इथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं की ब्रिजसाठी शेजारचे चांगले दात घासून बारीक करावे लागतात, इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू थेट हाडात बसतो आणि चावण्याचा जोर मिळत राहिल्याने तिथलं हाड फारसं झिजत नाही. आधी स्कॅन केला, आईची शुगर कंट्रोलमध्ये आहे का ते बघितलं, मगच तारीख दिली, हे आवडलं बुवा. स्क्रू हाडात पक्का व्हायला साधारण ३ ते ६ महिने जातात, कॅप, म्हणजे वरचा खोटा दात, त्यानंतर, म्हणजे धीर हवा. खर्च ब्रिजपेक्षा जास्तच, आणि पार्किंगचं तर विचारूच नका. पण आई आता मिसळीवरची कडक शेव त्याच बाजूने चावते, कवळीसारखी काढघाल नाही. ब्रश मात्र चुकवायचा नाही, इम्प्लांटला कीड लागत नाही पण हिरडी सुजू शकते.