शिकारी पक्ष्यातला पॉक्स: बायोप्सी की पीसीआर?

बचाव केंद्रात आलेल्या घारीच्या पापणीवर, चोचीच्या मुळाशी किंवा बोटांवर खडबडीत, खपली धरलेल्या गाठी दिसल्या की अनुभवी माणूस लगेच पॉक्स म्हणतो. कोंबडीवाले ज्याला देवी म्हणतात, त्याच कुळातला हा विषाणू. अंदाज बऱ्याचदा खराही ठरतो, कारण पिसं नसलेली जागा आणि पावसाळ्यातले डास हे त्याचं नेहमीचं गणित. पण चिघळलेली जखम, बंबलफूट (तळपायाचा संसर्ग), खरजेचे माइट किंवा साधा मस, सगळेच वरून तसेच दिसू शकतात. चाचणी लागतेच.

माझं मत आधीच सांगतो: गाठ पायावर असेल आणि पक्षी भूल सोसण्याइतका धडधाकट असेल, तर बायोप्सी. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, पण खपलीखालच्या जिवंत कातडीसकट घेतलेला, त्याच्या दहापट फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) टाकायचा. नुसती खपली पाठवली तर स्लाइडवर मेलेल्या पेशी आणि वरून आलेले जिवाणू एवढंच दिसतं. तुकडा नीट असेल तर त्वचेच्या फुगलेल्या पेशींत गुलाबी गोळे दिसतात. या बोलिंजर बॉडीज सापडल्या की पॉक्सवर शिक्कामोर्तब. बायोप्सीची खरी किंमत मात्र पॉक्स नसतो तेव्हा कळते: बुरशी, गळू, अर्बुद (ट्यूमर), जे असेल ते त्याच स्लाइडवर दिसतं. पीसीआर, म्हणजे नमुन्यात विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, फक्त विचारलेल्या प्रश्नाचं हो-नाही सांगते.

तरी पापणीवरच्या गाठीला मी ब्लेड लावणार नाही. पापणी आखडली तर शिकार करणारा पक्षी कायमचा पिंजऱ्यातच राहायचा. तिथे पीसीआर. सुटून आलेली खपलीसुद्धा पुरते, कारण वाळलेल्या खपलीत हा विषाणू महिनोन्महिने टिकतो. नेहमीच्या चाचणीत विषाणूच्या ४बी जनुकाचा ५७८ बेसजोड्यांचा तुकडा वाढवतात. पुढे सिक्वेन्सिंग केलं, म्हणजे त्या तुकड्यातला डीएनएचा क्रम वाचला, तर विषाणू कोंबडीच्या गटातला की कॅनरीच्या, तेही कळतं. एकाच पिंजऱ्यातले चार पक्षी आजारी पडले असतील तर हा खर्च करावाच. धोका एकच: चाचणी फार संवेदनशील. त्याच हातमोज्यांनी दोन पक्षी हाताळले की दुसऱ्याचाही अहवाल पॉझिटिव्ह येऊ शकतो.

काचपट्टीवर खरवड घेऊन गिम्सा रंग देणं सगळ्यात स्वस्त, आणि तासाभरात उत्तर मिळतं. गोळे दिसले तर उत्तम. दिसले नाहीत तर पॉक्स नाही असं मात्र म्हणता येत नाही. कोंबडीच्या भ्रूणअंड्यात विषाणू वाढवणं संशोधकांवर सोडा. रानपक्ष्यांतले कित्येक विषाणू त्या अंड्यात वाढतच नाहीत.

तोंडात पिवळट थर असेल तर क्रमच बदलतो. कबुतरं खाणाऱ्या शिक्र्यात किंवा ससाण्यात आधी ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीची शंका घ्यायची. कोमट सलाइनमध्ये ओला स्वॅब, आणि लगेच सूक्ष्मदर्शक. तो नमुना फ्रिजमध्ये ठेवला की परजीवी हलायचे थांबतात आणि हातातलं निदान निसटतं. ट्रायकोमोनासवर औषध आहे, पॉक्सवर थेट औषध नाही, म्हणून ही पाच मिनिटं आधी. थर खरवडून ओढू नका. खालून रक्त येतं.

एकच तुकडा हाती असेल तर त्याचे दोन भाग करा. एक फॉर्मालिनमध्ये, दुसरा कोरड्या निर्जंतुक नळीत, फ्रीझरमध्ये. फॉर्मालिन डीएनएची नासाडी करतं, म्हणून दुसऱ्या भागाला त्याचा थेंबही लागू देऊ नका. प्रयोगशाळेला आधी फोन करून पक्ष्यांच्या पॉक्सची पीसीआर त्या खरंच करतात का, हे विचारा. कित्येक ठिकाणी फक्त कोंबड्यांच्या ठरावीक आजारांची सोय असते. वनखात्याची परवानगीही त्याच दिवशी मागून ठेवा.

अहवाल येईपर्यंत पक्षी वेगळा, पिंजऱ्याला डासांची जाळी, बसायची काठी त्याची एकट्याची. हाताळणाऱ्यांना हा पॉक्स होत नाही; हातमोजे बदलायचे ते शेजारच्या पिंजऱ्यातल्या पिंगळ्यासाठी.